परतणे म्हणजे आठवणे नव्हे

स्मरणरंजन हा शब्द मराठी समीक्षेत बहुधा दूषण म्हणूनच योजला जातो. व्यवहारात मात्र त्याच्याइतके अभय मिळालेली दुसरी वृत्ती दाखविणे कठीण आहे. गाव, शाळा, वाडा, पहिली सायकल यांच्याकडे ‘परतणाऱ्या’ लेखनाची परीक्षा कोणी करीत नाही. कारण तशी परीक्षा करणे म्हणजे लेखकाच्या बालपणाचाच अवमान करणे, असा एक अलिखित संकेत आहे. हा संकेत आम्हांला मान्य नाही. तो का मान्य नाही हे सांगताना आम्ही मुद्दाम असे उदाहरण घेत आहोत, ज्याच्याशी बहुतेक मराठी वाचकांची कोणतीही आठवण निगडित नाही: रेडिओ-नियंत्रित बग्ग्यांच्या शर्यती, आणि वीस-पंचवीस वर्षांच्या खंडानंतर त्यांच्याकडे परतणारी माणसे. आयातनिर्बंधांच्या त्या काळात हे महागडे जपानी आणि अमेरिकी संच आपल्याकडील मध्यमवर्गीय घरांत क्वचितच पोहोचले. त्यामुळे येथे आपले गळे दाटून येण्याचे कारण नाही, आणि विचार करायला ही स्थिती सोयीची आहे.

बग्गी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे घोडा येतो. येथे अभिप्रेत आहे ती वाळूत धावणाऱ्या हलक्या मोटारीची, मुळाच्या एक दशांश आकाराची प्रतिकृती. लांबी सुमारे चाळीस सेंटिमीटर, वजन दीड किलोच्या आसपास, पोटात विजेची मोटर आणि बॅटरी. चालक मैदानाबाहेर उंच मचाणावर उभा असतो. हातातल्या प्रक्षेपकाने तो वेग आणि दिशा सांभाळतो. फेरी साधारण पाच मिनिटांची. त्या वेळात किती लॅप झाले आणि शेवटचा लॅप कितव्या सेकंदाला पुरा झाला, एवढाच हिशेब. जपानच्या तामिया कंपनीने १९७९ साली ‘रफ रायडर’ आणि ‘सँड स्कॉर्चर’ हे संच बाजारात आणले. १९८४ साली ‘ग्रासहॉपर’ आणि ‘हॉर्नेट’ आले आणि ब्रिटन-अमेरिकेतील असंख्य मुलांनी ते घरी जोडले. त्याच १९८४ साली कॅलिफोर्नियातील असोसिएटेड या कंपनीची ‘आरसी-१०’ आली. ती खेळणे म्हणून नव्हे, शर्यतीसाठीच घडविली होती. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियातील डेल मार येथे या वर्गाची पहिली जागतिक स्पर्धा झाली, आणि दोन चाकांना गती देणाऱ्या गाड्यांच्या गटाचे अजिंक्यपद तिने मिळविले.

त्या पिढीतील मुले मोठी झाली, गाड्या माळ्यावर गेल्या, आणि आता चाळिशी-पन्नाशीत ती माणसे परतत आहेत. या परतण्याची जी कथा सर्वत्र सांगितली जाते, तिच्यावर आमचा आक्षेप आहे. कथा ठरलेली असते. धूळ खात पडलेला खोका, त्यावरचे रंगीत चित्र, वडिलांबरोबर स्क्रू पिळत घालविलेली संध्याकाळ, प्लास्टिकचा तो वास. मग नवा संच विकत घेणे, तो जोडताना डोळे पाणावणे, आणि शेवटी गाडी काचेच्या कपाटात. कथा येथे संपते. ज्या गोष्टीकडे परतायचे होते ती शर्यत तिच्यात कोठेच नाही. मैदान नाही, घड्याळ नाही, प्रतिस्पर्धी नाही. क्रियापद ‘परतणे’ आहे, क्रिया मात्र खरेदीची आहे.

बाजाराने हे फार आधी ओळखले. तामियाने २००४ साली ‘हॉर्नेट’, २००५ साली ‘ग्रासहॉपर’ आणि २०१० साली ‘सँड स्कॉर्चर’ पुन्हा काढली. असोसिएटेडने २०१३ साली ‘आरसी-१०’ सोनेरी अॅल्युमिनियमच्या सांगाड्यासह पुन्हा दिली. व्यापाऱ्याने मागणी पाहून माल काढला, यात त्याचा दोष नाही. त्याने परतीचे वचन दिले नाही, त्याने खोका विकला. खोक्यालाच परत आलेले बालपण म्हणण्याचे काम कथा सांगणाऱ्यांनी केले. आणि खोक्याबद्दलही खरे तेच बोलावे. हॉर्नेटचा मागचा आस अखंड होता. एक चाक खड्ड्यात गेले की दुसरे उचलले जाई, आणि खडबडीत मैदानावर ती गाडी चेंडूसारखी उसळत असे. आरसी-१० ची चारही चाके स्वतंत्रपणे वरखाली होत. हा फरक तेव्हाच्या शर्यतीत उतरणाऱ्या मुलाला पहिल्या पाच मिनिटांत कळत होता. आजच्या आठवणीत दोन्ही गाड्या सारख्याच सोन्याच्या आहेत. जी आठवण चांगले आणि बरे यांतला भेद पुसून टाकते, ती पूर्वीच्या गोष्टींवरही प्रेम करीत नसते.

या कथेचे दुसरे कलम असे, की तेव्हाचा खेळ निर्मळ होता आणि यंत्रज्ञानाने तो बिघडविला. हा दावा तपासण्याजोगा आहे, म्हणून तो तपासून पाहू. तेव्हा बहुतेकांचे प्रक्षेपक २७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातील मोजक्या वारंवारितांवर चालत. दोघांची वारंवारिता एकच निघाली तर गाड्या बेताल होत. म्हणून स्फटिक बदलावे लागत, आणि आपल्या वारंवारितेची खूण फळ्यावरून घेतल्याशिवाय प्रक्षेपक सुरू करायचा नाही, असा दंडक असे. लॅप माणसे मोजीत आणि त्यावरून भांडणे होत. आज २.४ गिगाहर्ट्झच्या प्रक्षेपकांनी पहिला प्रश्न मिटविला आहे आणि प्रत्येक गाडीतील छोट्या ट्रान्सपाँडरने दुसरा. यात कोणती निर्मळता गेली? गेला तो गोंधळ. खर्चाचे म्हणाल तर निवडक बॅटऱ्या आणि खास गुंडाळलेल्या मोटरी यांवर पैसा ओतणारे तेव्हाही होते.

एक गोष्ट मात्र खरोखर गेली, आणि ती मान्य केली पाहिजे. ७.२ व्होल्टच्या निकेल-कॅडमियम बॅटरीत तेव्हा १२०० मिलिअँपिअर-तास एवढाच साठा असे. सुरुवातीला मुक्तहस्ते उधळणारा चालक शेवटच्या मिनिटाला मैदानात थांबून राही. कोठे बोट दाबायचे आणि कोठे सोडायचे याचा संयम हा कौशल्याचाच भाग होता. लिथियम-पॉलिमर बॅटऱ्यांत साठा कितीतरी पटींनी अधिक असल्याने पाच मिनिटांच्या शर्यतीला तो संयम आता लागत नाही. ही हानी आहे. गंमत अशी, की स्मरणरंजनाच्या कथेत या हानीचा उल्लेख क्वचितच येतो. तेथे वास येतो, रंग येतो, वडील येतात. बॅटरीची काटकसर येत नाही. कारण ती आठवायची तर आपण शर्यतीत काय करीत होतो हे आठवावे लागेल.

आता खरे परतणे कसे असते ते पाहू. पहिली अडचण डोळे आणि हात यांची. गाडी चालकापासून दूर जात असते तेव्हा उजवे ते उजवे असते. ती वळून त्याच्याकडे येऊ लागली की गाडीचे उजवे चालकाच्या डावीकडे येते. सराव असलेल्याला हे उलटसुलट जाणवतही नाही. खंड पडलेल्याला प्रत्येक वळणावर क्षणभर विचार करावा लागतो, आणि तेवढ्यात गाडी कठड्यावर आदळलेली असते. दुसरी अडचण मैदानाची. ब्रिटनमध्ये आज कितीतरी शर्यती माती सोडून कृत्रिम हिरवळीवर किंवा गालिच्यावर होतात. तेथे पकड इतकी असते, की पूर्वी मागच्या आसाच्याही मागे बसविली जाणारी मोटर आता आसाच्या पुढे, गाडीच्या मध्याकडे सरकली आहे. मातीवर मागचे टोक घसरवीत वळण्याची जी नजाकत हाताला आठवते, तिने येथे गाडी उलटते. म्हणजे जे विसरले ते पुन्हा शिकायचे, आणि जे विसरले नाही त्यातले पुष्कळसे सोडायचे. या दोहोंत दुसरे अवघड.

तिसरी अडचण पंक्तीची. पात्रता फेऱ्यांतील वेळेनुसार चालकांची प्रतवारी लागते आणि शेवटच्या शर्यती वेगवेगळ्या गटांत होतात. परतलेला माणूस सर्वांत खालच्या गटात असतो. तेथे त्याच्या शेजारी बारा वर्षांची मुलगी उभी असते, आणि बहुधा तीच पुढे असते. त्याने १९८७ साली काय जिंकले होते हे तिला ठाऊक नसते. ठाऊक असायचे कारणही नाही. ट्रान्सपाँडरला पूर्वपुण्याई मोजता येत नाही. चौथी गोष्ट आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटते. आपली फेरी संपली, की पुढच्या फेरीसाठी मैदानात उभे राहायचे आणि इतरांच्या उलटलेल्या गाड्या धावत जाऊन सरळ करायच्या. हे काम टाळणाऱ्याची चांगली वेळ रद्द करण्याचीही रीत आहे. गुडघे कुरकुरत असताना, स्वतःची गाडी बाजूला ठेवून, जो परक्या मुलाची गाडी चाकांवर उभी करतो, तो परतला असे आम्ही म्हणू. जुन्या गाड्या घेऊनच शर्यती भरविणारे मेळावेही आहेत. तेथे १९८५ ची गाडी घड्याळासमोर धावते, तुटते, दुरुस्त होते. त्या लोकांशी आमचे भांडण नाही. ते आमच्याच बाजूचे आहेत.

यावर उत्तर येते, की एखाद्याला काचेच्या कपाटातच आनंद मिळत असेल तर तुमचे काय गेले? कपाटाला आमची हरकत नाही. संग्रह ही स्वतंत्र आणि प्रतिष्ठित हौस आहे, तिने स्वतःच्या नावाने मिरवावे. आमची हरकत ती ‘परतणे’ हा शब्द बळकावते याला आहे. शब्द बळकावला, की वस्तूचीही हानी होते. शर्यतीचे मंडळ चालते ते दर आठवड्याला येऊन कठडे मांडणाऱ्या, वर्गणी भरणाऱ्या, गाड्या उचलणाऱ्या माणसांवर. दूरवरून उसासे टाकणाऱ्यांवर नव्हे. आणि ‘खरा खेळ आमच्या वेळी होता’ हे वाक्य त्या बारा वर्षांच्या मुलीसमोर उच्चारणे म्हणजे तिच्या हातातले जिवंत काम खोटे ठरविणे आहे. ज्याने तिच्याबरोबर एक फेरीही चालविलेली नाही, त्याला तो अधिकार कोणी दिला?

साहित्याच्या अभ्यासकांना हा भेद नवा वाटू नये. ‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने १६८८ साली बाझेल येथील आपल्या प्रबंधात घडविला, तो एका आजाराचे नाव म्हणून. ग्रीक भाषेतील ‘परतणे’ आणि ‘वेदना’ हे दोन शब्द त्याने जोडले. आजच्या वापरात वेदना गोड झाली आणि परतणे गळून पडले. मुळातला परतणारा ओडिसियस आठवून पाहावा. वीस वर्षांनी इथाकेत आल्यावर तो भिकाऱ्याच्या वेषात असतो. आपण कोण होतो हे सांगत सुटत नाही. दुसऱ्या कोणालाही न वाकलेल्या धनुष्याला तो प्रत्यंचा चढवितो आणि कुऱ्हाडींच्या रांगेतून बाण पार करतो, तेव्हा सभागृहाला कळते की हा परत आला आहे. याउलट वॉशिंग्टन आयर्व्हिंगचा रिप व्हॅन विंकल. तोही वीस वर्षांनी येतो. त्याची बंदूक गंजलेली असते. तो खानावळीच्या दारात बसतो, येईल त्याला आपली हकिगत सांगतो, आणि गावात मान पावतो. दोघेही गावी पोहोचले, परतला एकच. आपले बहुतेक परतीचे लेखन रिपच्या बाकावर बसून लिहिलेले असते, आणि स्वाक्षरी मात्र ओडिसियसची केलेली असते.

हा रोख लेखकांपुरता नाही, अध्यापकांकडेही आहे. पंचवीस वर्षांपूर्वी जी कादंबरी वाचून आपण हललो, ती आज वर्गात शिकविताना आपण कादंबरी उघडतो की त्या हलण्याची आठवण उघडतो? दुसऱ्या प्रकारात टिपणे पिवळी पडतात, उदाहरणे तीच राहतात, आणि समोरच्या विद्यार्थ्याला ती कादंबरी भिडली नाही तर ‘आताच्या मुलांना वाचनच नाही’ असा निकाल दिला जातो. हे काचेचे कपाट आहे. पुन्हा वाचणे याहून कष्टाचे असते. मैदान बदललेले असते, मधल्या काळात इतरांनी त्या कृतीविषयी बरेच काही शोधलेले असते, आपला जुना आवडता अर्थ एखाद्या वळणावर उलटतो, आणि तो उलटला हे विद्यार्थिनी आपल्या आधी पाहते. तिच्यासमोर तो सरळ करून पुन्हा निघण्याची ज्याची तयारी आहे, त्याने ‘मी या पुस्तकाकडे परतलो’ असे खुशाल म्हणावे.

आठवण ठेवू नये असे आम्ही म्हणत नाही. आठवण असते म्हणूनच माणूस पुन्हा मैदानाकडे वळतो. तिचे काम त्याला दारापर्यंत आणून सोडण्याचे. आत गेल्यावर तिला वेळ द्यावी लागते, सेकंदांत मोजून, आणि ती वेळ कितीही वाईट आली तरी ती आपली आजची वेळ असते. पुढच्या आठवड्यात ती सुधारता येते. कपाटातल्या वेळेला तेवढीही सोय नाही.