नवे नाव, खरा अर्थ

मराठीत ‘नाव ठेवणे’ म्हणजे बाळाचे नामकरण करणे आणि ‘नावे ठेवणे’ म्हणजे दोष काढणे. बारशाच्या दिवशी पुष्कळदा ही दोन्ही कामे होतात. आत्या बाळाच्या कानात नाव सांगते, पाळणा गायला जातो, घुगऱ्या वाटल्या जातात आणि एखादी वडीलधारी स्त्री विचारते, “या नावाचा अर्थ काय गं?” अलीकडे अनेक घरांत या प्रश्नाला नेमके उत्तर मिळत नाही. मात्र नव्या नावांना नावे ठेवण्यापूर्वी ती का घडवली जातात, हे समजून घेतले पाहिजे.

या दृष्टीने छत्तीसगडमधील भिलाई शहराकडे पाहण्यासारखे आहे. तेथील पोलाद कारखान्यासाठी १९५५ मध्ये भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. देशाच्या सर्व भागांतून माणसे कामासाठी आली. त्यांत मराठी कुटुंबेही होती. कामगारांच्या अनेक वसाहती सेक्टरच्या क्रमांकांनीच ओळखल्या जाऊ लागल्या. अशा सेक्टरमध्ये मराठी घराच्या एका बाजूला तेलुगू, तर दुसऱ्या बाजूला बंगाली किंवा छत्तीसगढी कुटुंब असू शकते. तेथे मृणाल किंवा ज्ञानदा हे नाव शेजाऱ्यांच्या तोंडी निराळेच रूप घेते. म्हणून सर्वांच्या जिभेला सोपे, दोन-तीन अक्षरांचे नाव पालकांना हवेसे वाटते. त्यात पत्रिकेतील आद्याक्षर सांभाळायचे असते आणि नाव शेजारपाजारी कुणाचे नसावे, अशीही इच्छा असते. एवढ्या अटी पाळता पाळता शब्दकोशातील नावे संपतात आणि नवे नाव घडवले जाते.

ही इच्छा उथळ म्हणता येणार नाही. नाव निवडण्याचे स्वातंत्र्य सर्वांना सहजासहजी मिळालेले नाही. शूद्राचे नाव निंदादर्शक असावे, असे मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात सांगितले आहे. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर महाराष्ट्रातील असंख्य कुटुंबांनी सिद्धार्थ, सुजाता, मिलिंद अशी नावे अभिमानाने स्वीकारली. त्यांपैकी मिलिंद हे मिनँडर या ग्रीक राजाच्या नावाचे पाली रूप आहे. मुलगा हवा असताना जन्मलेल्या मुलींना ‘नकुशा’ म्हणण्याची रीतही फार जुनी नाही. सातारा जिल्ह्यात ऑक्टोबर २०११ मध्ये अशा २८५ मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. त्या मुलींच्या जुन्या नावाला अर्थ होता. पण तो जन्मभर बोचणारा होता. अशा अर्थापेक्षा अर्थ नसलेले गोड नाव शतपटींनी बरे.

मग आक्षेप कशाला घ्यायचा? आक्षेप नव्या नावाला नसून त्याला चिकटवलेल्या खोट्या अर्थाला घ्यायला हवा. ‘आरव’ या नावाचा अर्थ ‘शांत’ असा अनेक ठिकाणी सांगितला जातो. संस्कृतात मात्र आरव म्हणजे आवाज, आरडाओरडा. ‘रेयांश’ या नावातील ‘अंश’ म्हणजे भाग, हे उघड आहे; परंतु ‘रेय’ कशाचे नाव, हे सांगणे अवघड जाते. तरीही प्रकाशकिरणापासून विष्णूपर्यंत हवे ते अर्थ त्याला जोडले जातात. ‘कियारा’ची गोष्ट तर अधिक मनोरंजक आहे. इटलीतील त्याच्याशी मिळत्याजुळत्या नावाचा अर्थ ‘तेजस्वी’ आहे आणि आयर्लंडमधील तशाच नावाचा अर्थ ‘काळीसावळी’ आहे! ही नावे कानाला गोड लागतात, हे कारण पुरेसे आहे. त्यांच्यासाठी संस्कृतचा खोटा दाखला देण्याची आवश्यकता नाही. असा दाखला मूल मोठेपणी शब्दकोशात तपासू लागले, तर त्याच्या हाती निराशाच येईल.

नाव घडवलेले आहे हे मान्य करण्यात कमीपणा नाही. जोनाथन स्विफ्ट या लेखकाने अठराव्या शतकात एका परिचित स्त्रीच्या नावातील आणि आडनावातील अक्षरे जुळवून ‘व्हनेसा’ हे नाव तयार केले. आज ते जगभर प्रचलित आहे. आईवडिलांच्या नावांतील अक्षरे जुळवून ठेवलेल्या नावाचा अर्थ ‘आम्हा दोघांचे’ असा सांगितला, तर तो शब्दकोशात नसूनही खरा ठरतो. छत्तीसगडच्या खेड्यांतील मंगलू, बुधारू, शनिचरी ही नावेही जन्मवाराची गोष्ट अशीच सरळपणे सांगतात.

म्हणून पालकांनी घाई करू नये. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असली, तरी नाव नंतर भरण्याची सोय कायद्यात आहे. तेवढ्या अवधीत निवडलेले नाव शब्दकोशात पाहावे, जाणत्या माणसाला विचारावे आणि मोठ्याने उच्चारून पाहावे. शाळेच्या दाखल्यापासून निवृत्तिवेतनापर्यंत हेच नाव सर्व कागदांवर लिहिले जाणार आहे. त्यामुळे लेखनाचे एकच रूप ठरवून ते सर्वत्र वापरणेही तितकेच आवश्यक आहे.

नाव पालक ठेवतात. ‘नाव काढणे’ मात्र मुलाच्या हाती असते. त्याच्या कर्तृत्वाने नावाला जो अर्थ येईल, तोच लोकांच्या लक्षात राहील. तोपर्यंत, “माझे नाव असे का ठेवले?” या त्याच्या प्रश्नाला खरे उत्तर देता यावे, एवढी जबाबदारी पालकांनी अवश्य पार पाडावी.