मैदानाचे दार उघडताना मोजायचे काय?

कोरोनाच्या साथीत ओस पडलेली मैदाने पुन्हा गजबजली, त्याला आता काही वर्षे लोटली. दुखणे बरे झाले की पथ्य विसरायचे हा मनुष्यस्वभावच आहे. पण श्वासावाटे पसरणारी साथ ही काही एकदाच येणारी पाहुणी नव्हे. ती पुन्हा आली तर शाळा, जत्रा, नाट्यगृहे यांच्याबरोबर मैदानांचाही प्रश्न उभा राहणारच. प्रेक्षकांना केव्हा आत घ्यायचे आणि कोणत्या अटींवर? त्या वेळी घाईत निर्णय घेण्यापेक्षा आज डोके शांत असताना विचार केलेला बरा.

माझे मत आधीच सांगून टाकतो. साथीची लाट चढत असताना मैदाने बंद ठेवली हे योग्यच झाले. मात्र ती उघडताना आपण सारा भर खुर्च्या मोजण्यावर दिला, ही चूक झाली. पंचवीस टक्के, पन्नास टक्के, शंभर टक्के असे आकडे आपण ऐकले. रोग मात्र खुर्चीपेक्षा प्रवासात, दारात आणि बंद खोलीत अधिक फोफावतो.

वाचकहो, हे नीट कळण्यासाठी विषाणूची चाल समजून घेऊ. कोरोनाचा रुग्ण बोलतो, खोकतो, ओरडतो तेव्हा त्याच्या श्वासातून अतिसूक्ष्म थेंब बाहेर पडतात. हळू बोलण्यापेक्षा ओरडताना ते कितीतरी अधिक निघतात. उघड्या मैदानावर वारा हे थेंब पांगवून विरळ करतो. खिडक्या बंद असलेल्या खोलीत ते बराच वेळ तरंगत राहतात आणि तीच हवा सर्वजण पुन्हा पुन्हा आत घेतात. त्यातून हा रोगी लक्षणे दिसण्यापूर्वीच दुसऱ्याला रोग देऊ शकतो. म्हणूनच दारावर कपाळासमोर तापमापक धरून ‘जा पुढे’ म्हणण्याने फारसे काही साधत नाही. ज्याला उद्या ताप येणार आहे, त्याचे कपाळ आज थंडच असते.

आता फुटबॉलकडे वळू. १९ फेब्रुवारी २०२० रोजी इटलीतील मिलान शहरात अटलांटा आणि व्हॅलेन्सिया या संघांचा सामना झाला. अटलांटा हा बर्गामो गावचा संघ. त्या गावातून आणि परिसरातून सुमारे चाळीस हजार माणसे बसगाड्या, आगगाड्या भरभरून मिलानला गेली. संघाने चार गोल केले आणि प्रत्येक गोलाला माणसे एकमेकांच्या गळ्यात पडली. पुढच्या काही आठवड्यांत बर्गामोची काय दशा झाली, शवपेट्या वाहून न्यायला लष्करी ट्रक कसे लागले, हे जगाने पाहिले. सारा दोष एका सामन्याला देता येणार नाही, रोग तेथे आधीच शिरलेला होता. पण त्या सामन्याने आगीत तेल ओतले, असे अनेक तज्ज्ञांचे मत आहे. अशा वेळी मैदाने बंद करण्यावाचून दुसरा इलाज नव्हता.

पुढे मे २०२० मध्ये जर्मनीत रिकाम्या मैदानावर सामने सुरू झाले आणि मग हळूहळू प्रेक्षक परतू लागले. त्या काळातली एक नोंद मला फार महत्त्वाची वाटते. १८ जून २०२१ रोजी लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्यात युरो स्पर्धेचा सामना होता. तिकिटे थोडी होती, तरी स्कॉटलंडहून हजारो लोक लंडनला गेले. नंतर तेथील सार्वजनिक आरोग्य खात्याने हिशेब मांडला. स्पर्धेच्या निमित्ताने कोठे ना कोठे जमलेल्यांपैकी १,९९१ जणांना कोरोना झाल्याचे आढळले. त्यांतले १,२९४ जण लंडनला जाऊन आले होते, आणि प्रत्यक्ष वेम्ब्लीच्या मैदानात बसलेले होते फक्त ३९७. बाकीच्यांनी रोग कोठून आणला असेल? गाडीच्या डब्यातून, मद्यालयातून, मित्राच्या घरच्या टीव्हीसमोरून. मैदान अगदी निर्दोष होते असे मी म्हणत नाही. त्या ३९७ जणांनीही तोच लांबचा प्रवास केला होता. पण नुसत्या खुर्च्या मोजणाऱ्याच्या हिशेबातून किती मोठा आकडा सुटतो ते यावरून दिसते.

आमच्या महाबळेश्वरातही याचा पडताळा आला. त्याच २०२१ च्या जुलैत, एका रात्रीच्या अंतराने, कोपा अमेरिका आणि युरो या दोन्ही स्पर्धांचे अंतिम सामने झाले. जुलै म्हणजे आमच्याकडचा पाऊस वाचकांना सांगायला नको. दारे-खिडक्या गच्च बंद, आत शेगडी, ओले कपडे वाळत घातलेले आणि एका टीव्हीसमोर दहा-बारा पोरे दाटीने बसलेली. पुढच्या आठवड्यात एकाच आळीतली काही मुले ताप-खोकला घेऊन माझ्या दवाखान्यात आली. मुले चार दिवसांत हिंडू-फिरू लागली, पण त्यांतल्या एकाच्या आजीला साताऱ्याला नेऊन ऑक्सिजनवर ठेवावे लागले. नशिबाने म्हातारी घरी परतली. त्या मुलांपैकी एकानेही मैदानाचे तोंड पाहिलेले नव्हते! हाच सामना त्यांनी उघड्या मैदानावर अंतर ठेवून पाहिला असता तर धोका कमी होता, असे म्हटले तर कित्येकांना ते उलटे वाटेल. पण शास्त्र तेच सांगते.

आता आपल्या देशातले पाहू. इंडियन सुपर लीगची २०२०-२१ ची सारी स्पर्धा गोव्यात मडगाव, बांबोळी आणि वास्को येथील तीन मैदानांवर प्रेक्षकांविना झाली. १३ मार्च २०२१ रोजी मुंबई सिटी संघ मोहन बागानला २-१ असे हरवून प्रथमच विजेता ठरला आणि ते पाहायला फातोर्ड्याच्या पायऱ्यांवर कोणी नव्हते. त्याच मार्चमध्ये अहमदाबादेत क्रिकेटचे पहिले दोन टी-ट्वेंटी सामने प्रेक्षकांसह झाले, उरलेले तीन रिकाम्या मैदानावर घ्यावे लागले. पुण्याजवळ गहुंजे येथील तिन्ही एकदिवसीय सामनेही प्रेक्षकांविनाच झाले. पुढे दुसऱ्या लाटेने जो कहर केला तो पाहता हा निर्णय शहाणपणाचाच होता. आपल्या सातारा जिल्ह्याने त्या उन्हाळ्यात काय भोगले, ते येथे वेगळे सांगायला नको.

खेळाडूंना बाहेरच्या जगापासून वेगळे ठेवणारे जे ‘बायो-बबल’ होते, तेही अभेद्य नव्हते. जानेवारी २०२२ मध्ये महिलांची आशिया चषक स्पर्धा आपल्या महाराष्ट्रात भरली होती. २३ जानेवारीला नवी मुंबईत तैवानच्या संघाशी सामना होता. भारतीय संघातील इतक्या मुलींना कोरोना झाला की मैदानात उतरवायला पुरेशा खेळाडू उरल्या नाहीत आणि संघाला स्पर्धेतून बाहेर पडावे लागले. प्रेक्षक रोग आणतील या भीतीने दार लावले, तरी रोग आतल्या बाजूला पोचलाच. त्या मुलींची वर्षांची मेहनत वाया गेली, याचे मला आजही वाईट वाटते.

त्यानंतर २० मार्च २०२२ रोजी फातोर्ड्याला हैदराबाद आणि केरळ ब्लास्टर्स यांचा अंतिम सामना झाला. दोन वर्षांनी प्रेक्षक आत आले, तेही पूर्ण क्षमतेने. लसीचे प्रमाणपत्र किंवा चाचणीचा अहवाल आणि तोंडाला मास्क एवढी अट होती. सामना बरोबरीत सुटला, पेनल्टींवर हैदराबाद जिंकले. परंतु त्या दिवशीची एक बातमी डॉक्टर म्हणून माझ्या मनात घर करून राहिली. केरळातले दोन तरुण हा सामना पाहायला मोटारसायकलवरून गोव्याला निघाले होते आणि वाटेत कासरगोड जिल्ह्यात अपघातात गेले. प्रमाणपत्राची अट त्यांना काय वाचवणार?

गर्दी केवळ जंतूंनी मारत नाही, हे आम्हा सातारकरांना कोणी शिकवायला नको. २५ जानेवारी २००५ रोजी वाई तालुक्यातील मांढरदेवच्या यात्रेत चेंगराचेंगरी झाली आणि जवळजवळ तीनशे माणसे गेली. अरुंद वाट, उतार आणि मागून येणारा लोंढा. साथीच्या निर्बंधांतही असेच घडू शकते. २४ जानेवारी २०२२ रोजी कॅमेरूनमध्ये आफ्रिका चषकाच्या सामन्याच्या वेळी ओलेम्बे मैदानाच्या दाराशी चेंगराचेंगरी होऊन आठ जणांचा मृत्यू झाला. मैदानात किती प्रेक्षक घ्यायचे यावर तेथे मर्यादा होती. पण जे दार उघडे हवे होते तेच बंद होते आणि लोक तेथे कोंडले गेले. आत खुर्च्या रिकाम्या आणि दारात माणसे चिरडलेली, हा कसला प्रतिबंध?

आपल्याकडे २६ मार्च २०२२ पासून आयपीएलचे सामने पंचवीस टक्के प्रेक्षकांसह सुरू झाले. २ एप्रिलला, गुढीपाडव्याच्या दिवशी, राज्यातले निर्बंध उठले. पंचवीस टक्के ही गणती खुर्च्यांची. दार एकच उघडले आणि दाखले तपासायला दोनच माणसे बसवली, तर पंचवीस टक्के प्रेक्षकांचीही रांगेत शंभर टक्के गर्दी होते. स्वच्छतागृहे, चहाचे गाडे आणि लोकलचे डबे टक्केवारीने मोठे होत नाहीत.

काहीजण विचारतात, ‘डॉक्टर, खेळ काय जिवापेक्षा मोठा आहे? घरी बसून पाहावा!’ प्रश्न रास्त आहे आणि लाटेच्या ऐन भरात माझेही उत्तर तेच असेल. पण ते कायमचे उत्तर होऊ शकत नाही. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, खंडोबा, प्रॅक्टिस क्लब असे संघ भिडतात, तेव्हा पायऱ्यांवर नातू असतो, बाप असतो आणि आजोबाही असतात. चारचौघांत मिसळणे, ओळखीच्या माणसाला हाक मारणे हेही आरोग्यच आहे. साथीच्या काळात घरात कोंडलेले कितीतरी वृद्ध मी पाहिले. त्यांचे गुडघे आखडले, साखर वाढली, बोलणे कमी झाले. बंदी हेही एक औषधच समजा. ते योग्य वेळी द्यावे आणि वेळेवर थांबवावे.

तर पुढच्या वेळी काय करावे? माझ्या अल्पमतीप्रमाणे आधी उघडी मैदाने खुली करावीत आणि बंद सभागृहे मागाहून. प्रेक्षकांची संख्या ठरवताना दारे किती, दाराची रुंदी किती, रांगेला सावली व जागा किती हे पाहावे, खुर्च्या त्यानंतर मोजाव्यात. दाखल्यांची तपासणी मुख्य दारापासून दूर, मोकळ्या जागेत व्हावी. मास्कचा आग्रह रांगेत, स्वच्छतागृहात आणि गाडीत अधिक धरावा. सुरुवातीला स्थानिकांनाच प्रवेश द्यावा, म्हणजे लांबचा प्रवास टळेल. आणि सर्वात स्वस्त उपाय म्हणजे आजारी माणसाला तिकिटाचे पैसे परत मिळावेत. पाचशे रुपये खर्चून बसलेला गृहस्थ अंगात कणकण असली तरी गोळी घेऊन जाणारच. पैसे परत मिळणार असतील तर तो घरी थांबेल.

साथ नसतानाही पाळायच्या दोन गोष्टी सांगतो. २००६ च्या विश्वचषकात म्युनिक परिसरात केलेल्या अभ्यासात असे दिसले, की जर्मनीचा सामना असे त्या दिवशी हृदयविकाराचे तातडीचे रुग्ण नेहमीच्या अडीचपटीहूनही अधिक येत. आधीपासून हृदयविकार असलेल्यांना तर धोका अधिकच. तेव्हा रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार असणाऱ्यांनी सामन्याच्या दिवशी गोळ्या चुकवू नयेत, रिकाम्या पोटी उन्हात बसू नये, तंबाखू आणि दारू टाळावी. छातीत दाबल्यासारखे वाटले, घाम फुटला, डावा हात किंवा जबडा दुखू लागला तर सामना संपायची वाट पाहू नये.

दुसरी गोष्ट तरुणांसाठी. १२ जून २०२१ रोजी कोपनहेगनला डेन्मार्कचा ख्रिश्चन एरिक्सन चालू सामन्यात कोसळला. त्याचे हृदय बंद पडले होते. तत्काळ छातीवर दाब देणे आणि विजेचा झटका देणारे यंत्र यांमुळे तो वाचला आणि पुढे पुन्हा खेळू लागला. असे यंत्र प्रत्येक मोठ्या मैदानावर असावे. ते नसले तरी दोन हात सर्वांकडे आहेत. कोसळलेला माणूस हाक मारून प्रतिसाद देत नसेल आणि नीट श्वास घेत नसेल, तर एकाने १०८ ला फोन लावावा. दुसऱ्याने छातीच्या मधोमध दोन्ही तळहात ठेवून मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, पाच-सहा सेंटीमीटर खोल दाब देत राहावे. हे शिकायला एक दुपार पुरते. प्रत्येक तालीम मंडळाने आणि क्रीडा मंडळाने ती दुपार काढावी, ही माझी आग्रहाची विनंती.

महाबळेश्वर-पाचगणीहून कोल्हापूरला सामना पाहायला जाणाऱ्या मुलांनो, जरूर जा. मोटारसायकलवर तिघे बसू नका, हेल्मेट घाला, रात्री घाट चढायची घाई करू नका. आणि अंगात ताप असेल तर तिकीट मित्राला द्या. तुम्ही परत याल तेव्हा घरी आजी जागी असते. तुमचा आजार तिच्यापर्यंत जाऊ देऊ नका.