सुनेचे वैद्यकीय शिक्षण आणि घरातील पाळी

गेल्या पंधरवड्यात कोपरगाव न्यायालयाजवळील आमच्या कचेरीत एक वृद्ध गृहस्थ आपल्या सुनेस घेऊन आले. सून 31 वर्षांची, पदरी तीन वर्षांचे मूल, घरी अर्धांगवायूने अंथरुणास खिळलेली सासू. बारावीस शास्त्र शाखेत उत्तम गुण मिळूनही लग्नामुळे तिचे डॉक्टर होणे राहून गेले. आता तिला 'नीट' परीक्षेस बसावयाचे आहे. सासऱ्यांचा प्रश्न एकच : "वकीलसाहेब, वय उलटले ना?"

उलटलेले नाही. राखीव प्रवर्गास पूर्वी 30 वर्षांची मर्यादा होती. ती 2022 साली उठली. अडचण आहे ती कागदाची, आणि त्याहून मोठी घराची.

कागदाची अडचण आमच्या समाजाने नीट ध्यानी घ्यावी. विवाहितेचा जातीचा दाखला पित्याच्या कागदपत्रांवरून मिळतो, पतीच्या नव्हे. आणि 10 ऑगस्ट 1950 रोजीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. धर्मांतरानंतर कित्येकांच्या दाखल्यावर केवळ 'बौद्ध' असे लिहिले गेले. अभिमानाने लिहिले, योग्यच लिहिले. परंतु 1990 साली बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती लाभल्या त्या मूळ जातीच्या आधारे. म्हणून अखिल भारतीय 15 टक्के जागांसाठी केंद्राच्या नमुन्यातील दाखला काढताना आजोबांचा जुना कागदच कामी येतो. तो फाडू नये.

आता घर. राहाता तालुक्यातील लोणीचे वैद्यकीय महाविद्यालय जवळ खरे, परंतु ते अभिमत विद्यापीठाचे. तेथे आमच्यासाठी जागा राखीव नाहीत आणि शुल्क झेपणारे नाही. म्हणजे छत्रपती संभाजीनगर, धुळे किंवा पुणे, आणि वसतिगृह. अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा, पुढे एक वर्ष आंतरवासिता. प्रथम वर्षाच्या परीक्षेस चारच संधी. पुढे पदव्युत्तर शिक्षण घ्यावयाचे तर 2023 च्या नियमावलीत वर्षास 20 दिवसांची पगारी रजा, शासकीय नियमांप्रमाणे प्रसूती रजा, आणि आठवड्याची सुटी आहे, तीही कामाच्या निकडीवर अवलंबून. परीक्षेस मात्र 80 टक्के हजेरी हवी. रात्रपाळीत आई असताना मूल कोणाकडे निजेल, याचे कलम आम्हांस त्यात आढळले नाही.

1928 साली मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभ विधेयकास पाठिंबा देताना बाबासाहेबांनी मातेची विश्रांती ही राष्ट्रहिताची बाब मानली आणि तिचा भार मोठ्या अंशी शासनाने उचलावा, असे प्रतिपादन केले. ते भाषण आम्ही जयंतीस सांगतो. मुलगी उत्तीर्ण झाली की पेढे वाटतो, आणि सून पुस्तक घेऊन बसली की घराचे कसे होणार म्हणून विचारतो. (प्रस्तुत लेखकाच्या घरीही हे घडले आहे, कायद्याची पदवी त्या वेळी उपयोगी पडली नाही.)

आम्ही त्या गृहस्थांस विचारले, "आपल्या मुलाला बाहेरगावी शिकावयास जावयाचे असते, तर आजारी आईचे कोणी केले असते?"

"सुनेने," ते म्हणाले, आणि बराच वेळ गप्प राहिले.

सुनेने कागदांची यादी लिहून घेतली. निघताना सासऱ्यांनी तीच यादी मागून घेतली आणि मागील बाजूस मुलाच्या साखर कारखान्यातील पाळीच्या वेळा लिहिल्या. त्या खाली, सकाळी आईचे अंथरूण कोण बदलील व नातवास अंगणवाडीत कोण पोहोचवील, त्यांची नावे. दोन्ही ठिकाणी सुनेचे नाव नव्हते.