रंगपेटी आधी की शिक्षक आधी?

जून महिना उजाडला की पिशोरसारख्या गावातही वह्या-पुस्तकांच्या दुकानांसमोर पालकांची रीघ लागते. गणवेश, दप्तर, गाइड, इंग्रजी-गणिताची शिकवणी यांवर आपला माणूस पोटाला चिमटा काढून खर्च करतो. त्याचा आम्हांस सार्थ अभिमान आहे. परंतु पोरीने चित्रकलेची वही मागितली की तोच बाप विचारतो, "चित्रं काढून पोट भरतं का?" आणि जो मागणी मान्य करतो, तो थेट दुकानातली सर्वांत मोठी रंगपेटी उचलून आणतो. आमच्या मते हे दोघेही चुकतात.

सुरुवातीला लागते तरी काय? एचबी, 2बी आणि 6बी अशा तीन पेन्सिली, खोडरबर आणि जाड कागदाची वही. लहानग्यांना मेणखडू किंवा तेलखडू. पाचवी-सहावीनंतर जलरंग वा पोस्टर कलर आणि लहान, मध्यम, मोठा असे तीन गोल ब्रश. छत्तीस रंगांची गरज नाही, बारा पुरेत. निळ्यात पिवळा मिसळून हिरवा झालेला स्वतः पाहिल्याशिवाय रंग कळत नाही. पैसा वाढवायचाच तर कागद आणि ब्रशवर वाढवावा. पातळ कागद पाण्याने फुगतो, हलक्या ब्रशचे केस चित्रावर गळतात आणि पोर समजते की आपल्यालाच जमत नाही. अजिंठ्याच्या चित्रकारांपुढे तरी किती रंग होते? गेरू, पिवळी माती, हिरवी माती, पांढरा, काजळी आणि परमुलखातून आलेला लाजवर्दी निळा!

खरा प्रश्न क्लासचा आहे. फी विचारण्याआधी भिंतीवरची चित्रे पाहावीत. वीस मुलांचे वीस डोंगर, वीस सूर्य आणि वीस झोपड्या सारख्याच असतील, तर तेथे चित्रकला नव्हे, नक्कल शिकवली जाते. शिक्षक मुलांपुढे तांब्या, कांदा, चप्पल ठेवून 'बघून काढा' म्हणतो काय? मुलाच्या कागदावर स्वतःच रेघा ओढून चित्र 'सुधारून' देतो काय? एका क्लासने तर साहित्याचा संच आमच्याकडूनच घ्या, अशी अट आमच्या परिचयातील एका मजूर आईला घातली. अशा ठिकाणी पाऊल न टाकलेलेच बरे.

शासकीय रेखाकला परीक्षांमुळे या नकलेला आणखी जोर आला आहे. इंटरमिजिएटच्या अ, ब, क श्रेणींना दहावीत अनुक्रमे 7, 5 आणि 3 वाढीव गुण मिळतात. ते जरूर मिळवावेत, गरिबाच्या पोराला एकेक गुण मोलाचा असतो. पण याच परीक्षांत स्मरणचित्र हा विषय आहे. तेथेही मुले पाठ केलेला बाजार, पाठ केलेली जत्रा काढतात. ज्या मुलीने अद्रकाच्या शेतात आईला वाकलेले पाहिले आहे, चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत निळा झेंडा धरला आहे, तिने छापील पुस्तकातली पाणवठ्यावरची बाई का काढावी?

पोट भरते काय, हे विचारणाऱ्यांना आम्ही पितळखोऱ्याला न्यावे म्हणतो. ही लेणी आपल्याच कन्नड तालुक्यात आहेत. तेथे सापडलेली यक्षमूर्ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे आणि ती कण्हदास नावाच्या सोनाराने घडवली, असे मूर्तीवरच कोरलेले आहे. दोन हजार वर्षांपूर्वी एका कारागिराने आपल्या कामावर नाव घातले! पुढे हाताने काम करणाऱ्याला हीन ठरवण्यात आले आणि ती हीनता आपणही मनात घेऊन बसलो. नागपूरचे सवी सावरकर यांनी गळ्यात मडके आणि कमरेला झाडू बांधलेला माणूस चित्रात आणला, तो दुसऱ्या कोणी आणला असता काय? ज्याला ही वाट धरायची आहे, त्याच्यासाठी बारावीनंतर सीईटी आहे आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय कला महाविद्यालय आहे. मुंबई गाठलीच पाहिजे असे नाही.

मात्र ज्यांना कोणताच क्लास परवडत नाही, त्यांचे काय? शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या परिशिष्टात सहावी ते आठवीची पटसंख्या शंभरावर असलेल्या शाळेत कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असावा, असे स्पष्ट लिहिले आहे. ही मेहेरबानी नव्हे, कायदा आहे. कलम 21 नुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. पिशोरच्या आणि आसपासच्या वस्त्यांतील पालकांनी आधी पटसंख्या विचारून घ्यावी, निदेशक आहे की नाही ते पाहावे, आणि नसेल तर समितीच्या पुढच्या बैठकीत लेखी मागणी ठेवावी. अर्ज दोन प्रतींत करावा, एकीवर तारीख आणि शिक्क्यानिशी पोच घ्यावी.