ई-मेल वाचायचा की ‘चालवायचा’?

१८ मार्च २०२१. आयर्लंडच्या सरकारी आरोग्य सेवेतील एका संगणकावर ई-मेलसोबत आलेली एक एक्सेल फाइल उघडली गेली. त्या क्षणी काहीच घडले नाही. पण तिच्यातून हल्लेखोर आत शिरले आणि आठ आठवडे यंत्रणेत फिरत राहिले. १४ मे रोजी त्यांनी रुग्णालयांच्या नोंदी कुलूपबंद केल्या. बाह्यरुग्णांच्या तारखा रद्द झाल्या, किरणोपचार लांबले, डॉक्टर पुन्हा कागद-पेनावर आले. कुलपाची किल्ली सहा दिवसांत मिळूनही यंत्रणा पूर्ववत व्हायला सुमारे चार महिने गेले. दिल्लीच्या ‘एम्स’मध्येही नोव्हेंबर २०२२ मधील सायबर हल्ल्यानंतर नोंदणी, भरती आणि बिले काही दिवस हाताने लिहावी लागली. अशा वेळी ताटकळतो तो रांगेतला रुग्ण.

अशा घटनांनंतर महागड्या सुरक्षा यंत्रणांची चर्चा होते. ई-मेल कशात वाचला जातो, हा साधा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही.

आजचा ई-मेल म्हणजे पत्र राहिलेले नाही, ते छोटे वेबपेज झाले आहे. मजकुरात दडवलेले ठिपक्याएवढे चित्र पाठवणाऱ्याच्या सर्व्हरवरून उतरते आणि पत्र कधी उघडले हे त्याला कळते. ‘बिल पाहा’ या निळ्या अक्षरांमागचा खरा पत्ता भलताच असू शकतो. जोडलेली फाइल एका क्लिकवर उघडते. थोडक्यात, पत्र वाचता वाचता ते नकळत ‘चालवले’ जाते.

यावर एक जुना उपाय आहे. टर्मिनल, म्हणजे फक्त अक्षरे दाखवणारी आणि कीबोर्डवर चालणारी खिडकी. तिच्यात ई-मेल वाचण्यासाठी अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठात १९८९ मध्ये ‘पाइन’ हा प्रोग्रॅम तयार होऊ लागला, तोही संगणकतज्ज्ञांसाठी नव्हे, तर प्रशासकीय कर्मचाऱ्यांसाठी. त्याचा वारसदार ‘अल्पाइन’ आणि १९९५ चा ‘मट’ आजही मोफत मिळतात. हे प्रोग्रॅम मेलमधली चित्रे आपणहून उतरवत नाहीत आणि जोडलेली फाइल सांगितल्याशिवाय उघडत नाहीत.

त्यांची मांडणी एका संध्याकाळचे काम आहे. लिनक्सवर प्रोग्रॅम बसवल्यावर चार गोष्टी भरायच्या: येणाऱ्या टपालाच्या सर्व्हरचा पत्ता (आयमॅप, पोर्ट ९९३), जाणाऱ्या टपालाचा पत्ता (एसएमटीपी, पोर्ट ४६५ किंवा ५८७), वापरकर्त्याचे नाव आणि पासवर्ड. अल्पाइनमध्ये हे मेन्यूतून होते, मटमध्ये एका साध्या मजकूर-फाइलमध्ये लिहावे लागते. त्या फाइलमध्ये पासवर्ड उघडा लिहिणे म्हणजे औषधांच्या कपाटाची चावी कपाटालाच लटकवणे. तो सांकेतिक स्वरूपात वेगळ्या फाइलमध्ये ठेवावा. जीमेलचा नेहमीचा पासवर्ड येथे चालत नाही. दुहेरी पडताळणी सुरू करून १६ अक्षरी ‘ॲप पासवर्ड’ घ्यावा लागतो. कार्यालयाचे खाते असेल तर आधी तेथील संगणक विभागाची परवानगी घ्यावी. वेबपेजसारखे आलेले मेल वाचण्यासाठी ‘लिंक्स’ हा अक्षरी ब्राउझर जोडता येतो. तो मजकूर सपाट करून दाखवतो आणि दुव्यांचे खरे पत्ते क्रमांकासह खाली छापतो. बनावट पत्ता तिथेच उघडा पडतो.

या उपायाला मर्यादा आहेत. अनेक टर्मिनलमध्ये देवनागरी जोडाक्षरे तुटतात, वेलांट्या सरकतात. मराठीत पत्रव्यवहार करणाऱ्यांना हे खरेच जाचते. तक्ते विस्कटतात. या प्रोग्रॅममध्येही सुरक्षेच्या चुका सापडल्या आहेत, म्हणून ते अद्ययावत ठेवावे लागतात. आणि सर्वात महत्त्वाचे, आलेली विषारी फाइल उतरवून एक्सेलमध्ये उघडली, तर टर्मिनल काहीही वाचवू शकत नाही. आयर्लंडमधला कर्मचारीही तेवढ्याने वाचला असता, असे म्हणता येणार नाही. फरक इतकाच की, फाइल आधी जतन करावी लागते, मग दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडावी लागते. या दोन पायऱ्यांमध्ये ‘ही कोणी पाठवली?’ असे विचारायला सवड मिळते.

म्हणून प्रत्येक परिचारिकेने आणि लिपिकाने टर्मिनल शिकावे, असा आग्रह धरणे चुकीचे ठरेल. रात्रपाळीत पन्नास रुग्ण पाहणाऱ्याकडून तशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. पण सर्व्हर सांभाळणाऱ्या, व्यापक अधिकार असलेल्या मोजक्या लोकांनी तरी टपाल असेच वाचावे. बाकीच्यांसाठी संगणक विभागाने नेहमीच्या ई-मेलमध्येच तीन गोष्टी ठरवून द्याव्यात: बाहेरची चित्रे बंद, शक्य तिथे साधा मजकूर आणि अनपेक्षित फाइल आली तर पाठवणाऱ्याला आधी फोन.

वॉर्डात जंतुसंसर्ग झाला की एका कर्मचाऱ्याला दोष देऊन भागत नाही. हात धुण्याचे बेसिन खाटेजवळ आहे का, हे पाहावे लागते. चुकीच्या क्लिकसाठी नोटीस काढणाऱ्या रुग्णालयांनीही आधी आपल्या कर्मचाऱ्यांसमोरचा पडदा पाहावा. तो धोका लपवतो की दाखवतो, हे ठरवणे व्यवस्थापनाच्या हातात आहे.