हायड्रोजन हवा, पण खताच्या कारखान्यात

संध्याकाळी सहानंतर राजारामपुरीच्या मेन रोडवरून पायी जाणाऱ्याच्या नाकात काय जाते, हे सांगायला यंत्र लागत नाही. रिक्षा, केएमटी, दुचाक्या, सगळ्यांचा धूर क्लासवरून परतणाऱ्या मुलांच्या तोंडासमोरच सुटतो. त्यामुळे ‘आता हायड्रोजनच्या गाड्या येणार, मागून फक्त पाण्याची वाफ’ अशी बातमी आली की कट्ट्यावर तिचे स्वागत होते. केपीआयटी आणि सीएसआयआरने ऑगस्ट २०२२ मध्ये पुण्यात तशी बस दाखवलीही. बस खरी आहे, दावाही खरा आहे. तरीही शहराने तिची वाट पाहत धूर गिळत बसण्यात शहाणपण नाही.

हायड्रोजन खाणीतून निघत नाही, बनवावा लागतो. पाण्यातून वीज सोडून एक किलो हायड्रोजन मिळवायला साधारण ५० ते ५५ युनिट वीज लागते. मग तो दाबायचा, वाहून न्यायचा आणि गाडीत पुन्हा त्याची वीज करायची. या वळशात निम्म्याहून अधिक ऊर्जा वाया जाते. तेवढ्याच विजेवर बॅटरीची बस दुपटीहून जास्त धावते. स्वयंपाकघरात तर हायड्रोजन नकोच. त्याच्या ज्योतीत कार्बन नसतो हे खरे, पण तिच्या उष्णतेने हवेतल्याच नायट्रोजनचे ऑक्साइड तयार होतात आणि दमेकऱ्याची छाती आवळायला ते पुरेसे असतात. त्यापेक्षा इंडक्शनची शेगडी बरी.

मग हायड्रोजन हवा कुठे? राजारामपुरीतल्या कितीतरी घरांचा ऊस करवीर-कागलात उभा असतो. त्या उसाला पडणाऱ्या युरियाच्या ४५ किलोच्या एका पोत्यामागे सुमारे साडेचार किलो हायड्रोजन खर्ची पडलेला असतो. अलिबागजवळच्या थळच्या आरसीएफ कारखान्यात तो नैसर्गिक वायूपासून काढतात आणि त्याचा अमोनिया होतो. या पद्धतीत एक किलो हायड्रोजनमागे नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. केंद्राने २०२३ मध्ये ‘हरित’ हायड्रोजनसाठी ठरवलेली मर्यादा आहे दोन किलो. अमोनियाला बॅटरी हा पर्याय नाही. तिथे हायड्रोजनच लागतो, म्हणून स्वच्छ हायड्रोजनचा पहिला मान खताचा. राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनचे १९,७४४ कोटी आणि राज्याच्या धोरणातले ८,५६२ कोटी आधी तिकडे जावेत, दिखाऊ गाड्यांकडे नव्हे.

यात एक मेख आहे, आणि ती फारशी कुणी सांगत नाही. युरिया बनवायला अमोनियाबरोबर कार्बन डायऑक्साइडही लागतो. आज तो त्याच नैसर्गिक वायूतून आयता मिळतो, युरियात बांधला जातो आणि शेतात खत विरघळले की हवेत सुटतो. हायड्रोजन पाण्यातून काढला तर हा आयता पुरवठा थांबणार. म्हणून डीएपीसारख्या खतांसाठी हरित अमोनिया आधी सोयीचा, युरियाचा प्रश्न मागे राहतो.

पण तोही कोल्हापूर पट्ट्याच्या अगदी आवाक्याबाहेरचा नाही. साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीत मळी आंबते, तेव्हा इथेनॉलबरोबर जवळजवळ शुद्ध कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. तो उसाने हवेतूनच घेतलेला असतो. टाक्यांवरचा हा वायू पकडून, द्रवरूप करून थळपर्यंत न्यायला किती खर्च येईल? इथेनॉलच्या दरावर दरवर्षी भांडणाऱ्या कारखानदारांनी एकदा हा हिशेबही मांडायला हवा. त्यात पोत्याची किंमत वाढणार असेल, तर ती शेतकऱ्याच्या माथी न मारता अनुदानातून भागवावी लागेल. केएमटीला मात्र या कशासाठीच थांबायची गरज नाही. विजेच्या बसगाड्या आजही बाजारात मिळतात.