निवळी फुकट, तरी प्लॅस्टिक महाग



मातीतल्या जिवाणूंपासून 'स्वस्त' प्लॅस्टिक तयार केल्याच्या बातम्या अधूनमधून छापून येतात. त्यातला जिवाणू खरा असतो. स्वस्ताई मात्र प्रयोगशाळेच्या उंबरठ्यापर्यंतच टिकते. शोधही नवा नाही. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत मॉरिस लेम्वान यांनी 1926 साली बॅसिलस मेगाटेरियम या जिवाणूत पीएचबी हा प्लॅस्टिकसारखा पदार्थ ओळखला. साखर मुबलक आणि नायट्रोजनची चणचण असली, की हा जिवाणू आपल्या पोटात त्याचे कण साठवतो.

उत्पादनखर्चाचा मोठा वाटा साखरेचा, म्हणून जो तो उसाच्या मळीकडे बोट दाखवतो. पण मळी आता टाकाऊ राहिली कुठे? ती इथेनॉलवाले उचलतात. आमच्या काशीतला खरा टाकाऊ माल म्हणजे पनीर-छेन्याची निवळी. शंभर लिटर दुधामागे ऐंशीएक लिटर निघते, तीत साडेचार-पाच टक्के दुग्धशर्करा असते, आणि हलवायाच्या कढईतून ती सरळ गटारात जाते. अर्थात तीन किलो साखरेतून जेमतेम किलोभर पीएचबी मिळतं, सगळ्याच जिवाणूंना दुग्धशर्करा पचत नाही, आणि पेशी फोडून माल काढायला क्लोरोफॉर्मसारखी रसायनं लागतात. पैसा अडतो तो इथे. त्यावर प्रबंध पुष्कळ झाले; आता हे जिवाणू वाढवायला हजार-दोन हजार लिटरची टाकी हवी.

सरकारचा ओढा मात्र पीएलए या दुसऱ्या विघटनशील प्लॅस्टिककडे. लखीमपूर खीरी जिल्ह्यात साखर कारखान्याचा मोठा पीएलए प्रकल्प होतो आहे. होऊ दे. पण पीएलए नीट कुजायला साठ अंशांच्या आसपास तापणारं औद्योगिक खत-केंद्र लागतं. गंगेच्या गाळात ते वर्षानुवर्षं तसंच पडून राहील. पीएचबी मात्र माती-पाण्यातले जिवाणूच खाऊन टाकतात. तेव्हा नुसतं 'विघटनशील' छापून भागणार नाही. कुठे आणि किती दिवसांत, तेही पिशवीवर छापण्याचा नियम आहे; तो पाळायला लावा.

मुळात पिशवी हवीच कशाला, असं कुणी म्हणेल. फुलांना पळसाचा द्रोण पुरतो, हे मान्य. घाटावर वाहायला आणलेल्या दुधाच्या पिशवीचं काय? नुसतं पीएचबी ठिसूळ असतं, पातळ पिशवीसाठी त्यात दुसरं काही मिसळावं लागतं. तेही काम इथेच व्हावं. बनारस हिंदू विद्यापीठ आणि आयआयटी एकाच आवारात आहेत. नगर निगमाने हलवायांकडची निवळी गोळा करून या दोन्ही संस्थांना पोचवावी आणि राज्याने टाकीचा खर्च उचलावा.

— एक वाचक, ब्रह्माघाट, वाराणसी